आप्पांची पाच पावलं

फोटो स्टुडिओत किस्से साठतात ते पासपोर्ट फोटोंसारखे. माणूस आठ कॉप्या काढून घेतो, चार फॉर्मला चिकटवतो आणि उरलेल्या चार आमच्या काउंटरवर विसरून जातो! नारायणगावच्या आमच्या दुकानात असे तीन ड्रॉवर भरलेत. ते मला फेकवत नाहीत. कुणाचा चेहरा कचऱ्यात टाकायचा म्हणजे भीती वाटते.

भीतीचं म्हणाल तर आमच्या घरात माझा पहिला नंबर. माझं नाव मंगल, माहेर मंचर. लग्नाला तेरा वर्षं झाली, तेव्हापासून या दुकानात बसते, फोटो काढते, अल्बम जुळवते. नवरा सुनील लग्नाच्या ऑर्डरी करतो, त्याच्याकडे ड्रोनसुद्धा आहे. आणि सासऱ्यांकडे, म्हणजे आप्पांकडे, एक घडीचा कॅमेरा आहे. फिल्मवाला, आप्पांपेक्षाही वयानं मोठा.

यंदा द्राक्षांच्या हंगामात डॉक्टरांनी आप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन सांगितलं. तेव्हापासून हे किस्से मी येईल त्याला सांगत सुटले. बोलत राहिलं की भीती जरा लांब बसते.

*

आधी कॅमेऱ्याची ओळख. मिटलेला असला की जाडजूड डायरीएवढा. वर काळं कातडं, कोपऱ्यांवर झिजून पितळ दिसतंय. कडेला एक बारीक बटण. ते दाबलं की पुढचं दार पडतं आणि काळ्या भात्याच्या टोकाला बसवलेलं भिंग बाहेर येतं. लोहाराचा भाता असतो ना तसाच भाता, फक्त तळहातात मावणारा.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी काउंटर पुसत होते. हा डबा कसला म्हणून उचलला, नकळत बटण दाबलं गेलं आणि खट्कन ती वस्तू माझ्या अंगावर आली! मी किंचाळले. हातातून कॅमेरा सुटला, तो आप्पांनी गुडघ्यावर झेलला. साठी उलटलेला माणूस, पण काय चपळाई!

मला वाटलं, संपलं सगळं. नव्या सुनेनं तिसऱ्या दिवशीच सासऱ्याचा जीव की प्राण मोडला. आप्पांनी कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला, भात्यावर फुंकर घातली आणि म्हणाले,

“दार झटक्यात उघडू नये, पोरी. भाता हवा वढून घेतो, आतली फिलीम पुढं येती, मंग समद्यांची तोंडं वाकडी येत्यात. दाराआड कुणीतरी निजलंय असं समजून उघडायचं.”

मग तिथंच उभ्या उभ्या शिकवलं. आधी हळू उघडायचं. मग वरचा कान पिळून फिल्म पुढे घ्यायची, मागच्या लाल खिडकीत नंबर दिसेपर्यंत. एका रोलमध्ये आठच फोटो. मग अंतर लावायचं, फुटात. मग घोडा ओढायचा, म्हणजे शटरची बारीक दांडी. घोडा ओढल्याशिवाय चाप दाबला तर काहीसुद्धा होत नाही. आणि सगळ्यात शेवटी चाप.

“एवढी सगळी कामं, आन् फोटो एक?” मी विचारलं.

“म्हनून तर तेवढ्यात माणसाकडं नीट बघणं व्हतं,” आप्पा म्हणाले.

*

आठच फोटो म्हटल्यावर काटकसर आलीच. पण लोकांना कुठं कळतं? सत्कार असो, बारसं असो, ‘अजून एक, आप्पा, अजून एक’ चालूच. मग आप्पा घोडा न ओढताच नुसता चाप दाबायचे आणि जिभेनं टाळूवर ‘टिक्’ करायचे. आवाज हुबेहूब शटरचा. समोरचा खूश आणि फिल्म शिल्लक!

एकदा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आप्पांनी असे बावीस फोटो काढले. रोलवर उमटले तीन. पुढारी स्वतः दुकानात आला, फोटो उलटेपालटे केले आणि म्हणाला, “बाकीचे कुठं गेले?”

“निवडून ठेवलेत, साहेब. तुमचा ज्यात रुबाब दिसतोय तेवढेच.”

पुढाऱ्यानं तिन्हीच्या दहा-दहा कॉप्या नेल्या!

मला रात्रंदिवस धाक, की हे एक दिवस उघडकीला येणार. मी म्हटलं, “आप्पा, ही फसवणूक झाली.”

“तुझा मोबाईल काय करतो? त्येच्यात कुठं शटर हाय? त्यो बी तोंडानंच वाजवतोय की!”

मग मीही शिकायला बसले. पण माझ्या जिभेचा आवाज पाल चुकचुकल्यासारखा येतो. मी ‘टिक्’ केलं की आप्पा काउंटरवर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, “कृष्ण, कृष्ण!” पाल चुकचुकली की घरातली जुनी माणसं करतात तसं. आठवडाभर हे चाललं. शेवटी म्हणाले, “मंगल, तू आपली खरेच फोटो काढ. खोटं तुझ्याच्यानं व्हायचं नाय.”

*

तीन तिगाडा, काम बिगाडा! तिघांनी मिळून फोटो काढू नये, मधल्याला वाईट असतं, असं आमच्याकडे मानतात. आणि काढायचाच झाला तर एकाच्या हातात दगड द्यायचा. तो दगड म्हणजे चौथा. आप्पांनी त्यासाठी मीना नदीतला एक गुळगुळीत गोटा स्टुडिओत कायमचा ठेवलाय.

एकदा निरगुडसरकडून तीन मास्तर आले. तिघंही विज्ञानाचे. तिघांची एकदम बदली झाली होती, तीन दिशांना, म्हणून आठवणीसाठी आप्पांच्या कॅमेऱ्यावर फोटो पाहिजे होता. आप्पांनी सवयीनं गोटा पुढे केला. मोठे मास्तर भडकलेच.

“अहो, आम्ही वर्गात पोरांना काय शिकवतो आणि तुम्ही काय धरून बसलात! ठेवा तो दगड.”

आप्पांनी मुकाट्यानं ठेवला. घाम फुटला तो मला. मधले मास्तर अगदी तरणे. बायकोला सातवा महिना आहे, असं त्यांनीच आल्या आल्या सांगितलं होतं. मी आप्पांना डोळ्यांनी खुणावत राहिले, जिभेवर काढा, जिभेवर काढा! पण त्यांनी घोडा ओढला आणि खराखुरा फोटो काढला.

जाताना मधल्या मास्तरांनी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला, तसा टप्पकन एक खडा फरशीवर पडला. रस्त्यावरची खडी. तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग मोठ्या मास्तरांनी हळूच आपल्या खिशात हात घातला. त्यांच्याकडेही खडा! तिसऱ्यांनी तर कुणी न विचारताच आपला काढून काउंटरवर ठेवला.

“म्हंजी सहा जणांचा ग्रुप फोटो झाला की, राव!” आप्पा म्हणाले.

*

एका पावसाळ्यात आमच्या सगळ्या फोटोंत वर एक पांढरा झोत यायला लागला. पहिल्यांदा तो मी पाहिला, एका म्हातारीच्या फोटोत, बरोबर तिच्या डोक्यामागे. मी फोटो हातात घेऊन पळत बाहेर आले. मला वाटलं, म्हातारीचं काही खरं नाही.

आप्पांनी कॅमेरा अंधाऱ्या खोलीत नेला, भात्यात टॉर्च घातली. भात्याच्या एका घडीच्या कोपऱ्यावर सुईएवढं भोक चमकलं. तिथून उजेड आत जात होता, बाकी काही नाही. आप्पांनी काळ्या कापडाची चिंधी डिंकानं चिकटवून भोक बुजवलं.

म्हातारीच्या घरी तोवर फोटो देव्हाऱ्याशेजारी लागला होता. आईच्या डोक्यामागे तेज आलंय म्हणून भावकी बघून गेली. आठ दिवसांनी तिची जाऊ दुकानात आली, तिनंही फोटो काढून घेतला आणि हातात पडल्या पडल्या आप्पांवर उखडली.

“माझ्या जावंला तेज, आन् मला का नाय?”

*

या कॅमेऱ्यात डोळा लावला की माणूस दिसतो, पण तो स्पष्ट आहे की पुसट ते कळत नाही. अंतर आपणच ठरवायचं आणि भिंगाची कडी तेवढ्या फुटांवर फिरवायची. आप्पा पावलांनी मोजतात. त्यांची पाच पावलं म्हणजे बारा फूट. माणसाला उभं करायचं, त्याच्यापासून मोजून पाच पावलं मागे यायचं, कडी बारावर. पन्नास वर्षांत त्यांनी टेप वापरली नाही. मी घरात आल्यावर माझंही माप घेतलं. माझी सहा पावलं. मी बरोबर असले की मोजायचं काम माझ्याकडे.

आता बिबट्या आमच्या भागाला नवा नाही. ऊस तोडताना पिल्लं सापडतात, कुत्री जातात, संध्याकाळी पोरांना अंगणातून हाका मारून आत घेतात. बोलताना आपण रोजचं असल्यासारखं बोलतो. पण समोर बघणं वेगळं, हे मला एका साखरपुड्याहून परतताना कळलं.

मी स्कूटर चालवत होते, आप्पा मागे, गळ्यात कॅमेरा. दिवस अजून मावळायचा होता. वळण घेतलं, तर उसाच्या कडेला बांधावर बसलेला! शेपूट पायांभोवती घेऊन, निवांत. मी ब्रेक दाबला, स्कूटर बंद पडली. पाय जमिनीला टेकले ते उचलेचनात.

आप्पा आवाज न करता खाली उतरले. मागे कॅमेऱ्याचं दार उघडल्याचं ऐकू आलं. हळू, आत कुणीतरी निजल्यासारखं. मग कान पिळल्याची करकर. मग माझ्या कानाशी कुजबुज,

“मंगल, जरा पावलं मोजून ये बरं!”

मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. माझी दोन्ही मुलं डोळ्यांपुढून गेली, मंचरची आई गेली. बिबट्यानं जांभई दिली, उठला आणि उसात शिरला. मी रडायच्या बेतात, आणि आप्पा घर येईपर्यंत हळहळत होते.

“अंतर कळलं असतं तर लई शार्प आला असता, गं!”

*

डिंभे धरणाच्या मागे, पार डोंगरात, भात आणि नाचणी करणाऱ्यांची एक वाडी आहे. तिथला लक्ष्मण एकदा जीपनं दुकानात आला. पायांना चिखल, डोळे लाल.

“आप्पा, बा लई आजारी हाय. दवाखान्यातनं घरी न्या म्हनले. त्येचा एक बी धड फोटो नाय. एक काढून ठिवू म्हनतो.”

असा फोटो म्हणजे कसला, हे आम्हा दुकानवाल्यांना सांगावं लागत नाही. मी आप्पांबरोबर गेले. किसनबाबा चुलीजवळ घोंगडीवर होते, भिंतीला टेकवून बसवलेले. हाडं आणि डोळे, एवढंच उरलेलं. आप्पांनी कॅमेरा उघडला, तसं बाबांनी त्यांचं मनगट धरलं.

“ह्यो फोटो काढला की मंग मी जायचा ना?”

घरातली सगळी खाली बघायला लागली. मलाही तिथून पळून जावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू! आप्पांनी हात हळूच सोडवला, पाच पावलं मागे आले, दारातून बाहेर अंगणात गेले, भिंगाची कडी बारावर लावली. थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग ‘टिक्’.

“झालं,” आप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रोल धुतला. पाच नंबरची निगेटिव्ह कोरी होती, काचेसारखी आरपार. त्या माणसांचा एकुलता एक फोटो, आणि तो आला नाही!

“आप्पा, बाबांचा फोटो आलाच नाही!”

आप्पांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली. चष्मा लावून नीट पाहिली.

“डोळे मिटलेत त्येचे यात,” ते म्हणाले. “परत काढावा लागंल. लक्ष्मणला कळव. म्हनावं, बा उठून बसू दे, मंग येतो.”

“अहो, पण यात बाबाच नाहीत!”

“तू कळव.”

मी तेच वाक्य फोनवर सांगितलं. लक्ष्मण म्हणाला, “बरं. उठला की सांगतो.”

चार महिन्यांनी आमच्या दुकानासमोर जीप थांबली. त्यातून काठी टेकत किसनबाबा उतरले, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी. पायरी चढून आत आले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर आप्पांवर काठी उगारली.

“माझं डोळं मिटल्यालं नव्हतं! मी चांगला टकामका बघत व्हतो!”

*

यंदा दिवाळीनंतर आप्पांचे फोटो आउट यायला लागले. एखादा नव्हे, सगळे. चेहरे पुसट, नाकडोळे कळेनात. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नव्हतं, पण परत येत नव्हतं. आप्पांनी कॅमेऱ्याला दोष दिला. सुनीलनं भिंग उघडून पुसलं, मागे दुधी काच लावून तपासलं. भिंग ठीक, कडी ठीक, भाता ठीक. फोटो मात्र आउटच.

एक दिवस नवं जोडपं आलं होतं. आप्पांनी त्यांना पडद्यासमोर उभं केलं आणि मागे यायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. कडी बारावर. मी काउंटरवरून बघत होते. जोडपं जवळ होतं. फार जवळ होतं.

आमच्या स्टुडिओतली फरशी एकेक फुटाची आहे. जोडपं गेल्यावर मी फरश्या मोजल्या. परत मोजल्या. आठ.

सांगू की नको, असं दिवसभर झालं. शेवटी म्हटलं, “आप्पा, तुमची पाच पावलं आठ फुटाची झालीत.”

आप्पा फरशीकडे बघत राहिले. मग स्टुलावर बसले.

“तरीच,” ते म्हणाले. “जिना चढताना बी दम लागतोय लई दिवस. मला वाटलं, कॅमेराच म्हातारा झाला.”

सुनीलनं त्याच आठवड्यात त्यांना पुण्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “आजोबा, त्रास नक्की कधीपासून सुरू झाला?”

आप्पांनी खिशातून निगेटिव्हची पट्टी काढली, खिडकीकडे धरली आणि एका चौकटीवर बोट ठेवलं.

“हितनं, साहेब. हितनं मी आउट व्हाया लागलो.”

*

तीन नळ्या बंद निघाल्या. बायपासचा दिवस ठरला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, धोका आहे, पण न करण्यात जास्त धोका आहे. मी नुसती मान हलवत होते.

निघायच्या सकाळी आप्पा खाली आले ते इस्त्रीचा पांढरा सदरा आणि टोपी घालून. कॅमेरा माझ्यासमोर ठेवला.

“मंगल, माझा एक फोटो काढ. एकट्याचा. समोरनं, छातीपातूर.”

तेरा वर्षं हेच काम करतेय. एकट्याचा, समोरून, छातीपर्यंत. महिन्यातून चार-पाच तरी येतात. मोठा करायचा, फ्रेम करायची, हाराला वर दोन खिळे सोडायचे.

“आल्यावर काढू की, आप्पा.”

आप्पांनी भिंतीकडे बोट केलं. तिथं सासूबाईंचा फोटो आहे. त्या अचानक गेल्या आणि फोटोवाल्याच्या बायकोचा एकटीचा एकही फोटो घरात नव्हता! कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून कापून काढावा लागला. त्यांच्या खांद्यावर अजून एका बाईचा हात आहे. कुणाचा, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

“माझं तसं नको व्हायला,” आप्पा म्हणाले. आणि आप्पांचे तर गर्दीतलेही नाहीत. मोबाईलमध्ये आहेत म्हणा, पण प्रत्येकात तोंडापुढे कॅमेरा. आधार कार्डावरचा आहे, पण तो शत्रूच्याही भिंतीवर लावू नये.

सुनील बाहेर गाडीत पिशव्या ठेवत होता. मी आप्पांना मागच्या अंगणात भिंतीजवळ स्टुलावर बसवलं. कॅमेरा हळू उघडला. कान पिळला, लाल खिडकीत सात आला. त्यांच्यापासून सहा पावलं मागे आले. कडी बारावर.

मग मी वर बघितलं. आप्पा सरळ भिंगात बघत होते. तेरा वर्षांत मी त्यांना या बाजूनं कधी पाहिलंच नव्हतं. किसनबाबांनी विचारलेला प्रश्नच त्यांच्या डोळ्यांत होता.

मी घोड्यावर बोट ठेवलं आणि माझ्यानं ते ओढवेना. तसाच चाप दाबला. आणि जिभेनं केलं, ‘टिक्’.

पाल. अगदी पाल चुकचुकली.

आप्पांचा चेहरा हलला नाही. स्टुलाच्या कडेवर त्यांचं बोट दोनदा वाजलं. “कृष्ण, कृष्ण,” ते पुटपुटले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

“झालं न्हवं? फिरव पुढं.”

मी कान पिळला. लाल खिडकीत आठ आला.

खरी भीती मला त्या दवाखान्याच्या बाकावर कळली. ऑपरेशन सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल, सुनील माझ्याजवळ सरकला आणि म्हणाला, “बरं झालं तू आप्पांचा फोटो काढलास. काय सांगता येतं?” माझ्या मांडीवरच्या पिशवीत कॅमेरा होता. त्यात सात नंबरवर कुणीच नव्हतं, हे त्या अख्ख्या पुण्यात मला एकटीला ठाऊक. माणसानं जाताना एक गोष्ट मागितली होती आणि मी ती जिभेवर मारून नेली होती! आता काही झालं तर आप्पांना कुठल्या गर्दीतून कापायचं? मी ओझरच्या गणपतीला काय काय बोलले, ते मलाही आता सगळं आठवत नाही. चार तास मी ती पिशवी सोडली नाही.

डॉक्टर बाहेर आले, मास्क खाली केला आणि सुनीलच्या खांद्यावर हात ठेवून हसले. तेव्हा कुठं मी पिशवी बाकावर ठेवली.

आप्पा घरी आले. सव्वा महिना वरच्या खोलीत होते. मग एका सकाळी कठडा धरत खाली दुकानात आले आणि पहिला प्रश्न,

“रोल कुठाय?”

मी कॅमेरा दिला. आप्पा काउंटरपासून मागे गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. खाली वाकून फरश्या बघितल्या. “नऊ,” म्हणाले आणि कडी नऊवर लावली. घोडा ओढला. आठ नंबरवर माझा, काउंटरमागे उभी असतानाचा, फोटो काढला. मग रोल गुंडाळून अंधाऱ्या खोलीत गेले आणि आतून कडी लावून घेतली.

मी दाराबाहेर उभी. आत पाण्याचा आवाज चालू होता. माझ्या छातीत धडधड अशी, की ऑपरेशन माझंच करायचं राहिलंय.

आप्पा बाहेर आले. हातात ओली फिल्म, खाली चिमटा लावलेली. ती त्यांनी खिडकीत उजेडाला टांगली आणि वरून बोट फिरवत आले. चार, पाच, सहा. सातव्या चौकटीत काही नव्हतं. स्वच्छ काच. तिच्यातून रस्त्यावरून जाणारी टोमॅटोची पिकअप दिसली.

“आप्पा, मी...”

त्यांनी हातानं थांबवलं. खिशातून चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्या कोऱ्या चौकटीकडे बराच वेळ नीट पाहिलं.

“डोळे मिटलेत माझे यात,” आप्पा म्हणाले. “परत काढावा लागंल.”